पिकअपला एक्झॉस्ट ब्रेक बसवताना: इंदुरातून घाट उतरणाऱ्या नव्या गाडीवाल्यांसाठी

ज्यांनी नुकतीच पहिली डिझेल पिकअप घेतली आहे आणि चोइथराम मंडीतून माल भरून रात्री खाली नर्मदाकाठच्या निमाडात उतरायचं काम धरलं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. गाडी चालवता येते, पण घाट अजून अंगवळणी पडलेला नाही, अशा पोरांसाठी.

आपलं इंदूर माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. नर्मदेचा काठ महेश्वरपाशी दीडशेच्या आसपास. मानपूरवरून धामनोदला जा, नाहीतर सिमरोल, भेरूघाट करत बडवाहला जा, हे चारशे मीटर उतरल्यावाचून सुटका नाही. ३ टन वजनाची भरलेली गाडी एवढं खाली येते तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते, ती ३७ लिटर पाणी उकळायला पुरेल. थोडी वारा खातो, थोडी टायर खातात. बाकीची कुठे जायची, ते तुमचा पाय ठरवतो. सगळा उतार पॅडलवर पाय ठेवून उतरलात तर ती चार चाकांच्या ड्रम आणि डिस्कमध्ये जाते.

माझ्या बाबतीत ती तिथेच गेली. मानपूरच्या पुढे, कांद्याचा लोड, पावसाळ्याची रात्र. आधी लाइनर जळल्याचा वास आला, मग पॅडल मऊ लागलं, आणि पुढच्या वळणाआधी ते जमिनीला टेकलं. ब्रेक ऑइल उकळून पाइपात वाफ झाली होती. पंप करत, दुसऱ्या गिअरमध्ये ढकलत, हँडब्रेक ओढत शेवटी कडेच्या मातीच्या ढिगात गाडी घातली. कोणाला लागलं नाही. पण ते ऑइल मी तीन वर्षं बदललेलं नव्हतं, ही चूक सर्वस्वी माझी. नवं डॉट-३ प्रतीचं ब्रेक ऑइल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. तेच हवेतलं पाणी शोषून बसलं की १४० अंशांवरच उकळू शकतं. डॉट-४ चे हेच आकडे २३० आणि १५५.

म्हणून एक्झॉस्ट ब्रेक घ्यायच्या आधी ब्रेक ऑइल बदला, लाइनर बघा, व्हील सिलिंडर गळत नाहीत ना ते बघा. गाडीचा मूळ ब्रेक कच्चा असेल तर त्यावर दुसरा ब्रेक चढवणं म्हणजे पाया खचलेल्या घरावर माडी बांधणं. हे काम झालं नसेल तर पुढे वाचून उपयोग नाही.

हा ब्रेक करतो काय?

सायकलचा पंप घ्या, नळीच्या तोंडावर अंगठा दाबा आणि दांडा ढकलून बघा. हाताला जो जोर लागतो, तोच एक्झॉस्ट ब्रेक. पेट्रोल इंजिनात पाय काढला की थ्रॉटल बंद होतं, हवा अडते आणि गाडी आपोआप धरली जाते. साध्या डिझेल इंजिनात हवेची वाट मोकळीच असते, पाय काढला की फक्त डिझेल बंद होतं. म्हणून डिझेल गाडी उतारावर मोकाट सुटल्यासारखी वाटते. सायलेन्सरच्या पाइपात एक झडप बसवून ती मिटली, की इंजिनाला धूर बाहेर ढकलण्यासाठी ताकद लावावी लागते. ही ताकद ते चाकांकडून घेतं, आणि गाडी हळू होते. उष्णता ड्रममध्ये जात नाही, इंजिनाच्या पाण्यात आणि पाइपात जाते.

किती जोर मिळतो, त्याचा ढोबळ हिशेब मी स्वतः मांडून पाहिला आहे. अडीच लिटरचं इंजिन, पाइपात ३ बार दाब, ३००० आरपीएम: कागदावर साधारण १८ किलोवॅट. ३ टनाची गाडी शंभर मीटरला सहा मीटर उतरणाऱ्या रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरने धरून ठेवायला १५ किलोवॅट लागतात, आणि त्यातले दोन-तीन टायर आणि वारा घेतात. म्हणजे गिअर बरोबर असेल तर पॅडलला हात, म्हणजे पाय, न लावता गाडी त्या वेगात उतरू शकते. १५०० आरपीएमवर हाच जोर निम्म्याहून कमी होतो, कारण फेरेही निम्मे आणि दाबही तेवढा चढत नाही. वरच्या गिअरमध्ये स्विच दाबून ‘काहीच होत नाही’ म्हणणारे इथेच फसतात.

ट्रकवाल्यांच्या तोंडी ‘जेक ब्रेक’ असा शब्द येतो. ती चीज वेगळी आहे. १९३१ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या कॅहोन खिंडीतून उतरताना क्लेसी कमिन्स यांच्या ट्रकचे ब्रेक गेले, खाली रेल्वेचं फाटक आणि समोरून मालगाडी. ते थोडक्यात वाचले, आणि पुढे त्यांनी इंजिनाच्या हेडमध्येच बसणारा ब्रेक शोधला, तो १९६१ पासून विकायला आला. तो मोठ्या इंजिनांसाठी आहे. पिकअपला आपल्या कामाची ती पाइपातली झडप.

तुमच्या गाडीला चालेल का?

नव्या प्रदूषण नियमांची, म्हणजे बीएस-६ गाडी असेल तर माझं उत्तर स्पष्ट आहे: बाहेरून बसवू नका. त्या पाइपात धूर गाळणारा फिल्टर असतो, दाबाचे आणि तापमानाचे सेन्सर असतात, आणि मध्ये झडप आली की इंजिनाच्या कंप्युटरचा सगळा हिशेब बिघडतो. वॉरंटी जाते ती वेगळीच. घाटाचंच काम असेल तर कंपनीतूनच एक्झॉस्ट ब्रेक लागून येणारं मॉडेल बघा. मध्यम ट्रकांमध्ये तशी बरीच आहेत.

जुनी बीएस-३ किंवा बीएस-४ गाडी असली तरी आधी कागद. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत नियमाबाहेर बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. तेव्हा गाडीच्या कंपनीकडून त्या मॉडेलला एक्झॉस्ट ब्रेक चालतो का ते लेखी घ्या, आरटीओत विचारा, विमा कंपनीला कळवा. ‘सगळे लावतात’ हे वाक्य अपघातानंतर विम्याच्या सर्व्हेअरसमोर कामाला येत नाही.

मग इंजिनाची तब्येत. झडप मिटल्यावर मॅनिफोल्डपासून झडपेपर्यंतचा प्रत्येक सांधा दाबाखाली येतो. गॅस्केटपाशी काजळीचे काळे फराटे दिसत असतील, थंड इंजिनाला टिक-टिक आवाज असेल, तर तिथून आधीच गळतंय. टर्बोचा, म्हणजे धुराच्या जोरावर इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याचा, शाफ्ट बोटाने हलवून बघा, खेळ जास्त असेल तर धूर सीलमधून इंजिनात शिरेल. ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात वळवणारा) नीट मिटत नसेल तर काजळी उलटी इनटेकमध्ये जाईल, तोही साफ करून घ्या.

निवड

दुकानात गेलात की पहिला प्रश्न पाइपाच्या मापाचा येतो. दुसरा येतच नाही, आणि तोच महत्त्वाचा आहे: तुमच्या इंजिनाला मागून जास्तीत जास्त किती दाब चालतो? तो का विचारायचा, ते नीट समजून घ्या. चार सिलिंडरांपैकी एक धूर बाहेर फेकत असतो, तेव्हा दुसरा हवा आत घेत असतो. पाइपात दाब वाढला की तो या दुसऱ्या सिलिंडरच्या मिटलेल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हला मागून ढकलतो. त्या व्हॉल्व्हला मिटून धरणारी फक्त एक स्प्रिंग आहे. दाब स्प्रिंगपेक्षा जड झाला की व्हॉल्व्ह अवेळी उघडतो, परत आपटून बसतो, आणि फारच बिघडलं तर पिस्टनला भिडतो. कंपनीने हा आकडा दिला असेल तर तो घ्या. दिला नसेल तर त्या इंजिनाला हा ब्रेक न लावणंच बरं.

म्हणून अशी झडप घ्या जिच्या पाकळीला माप ठरवून छिद्र पाडलेलं आहे किंवा जिला दाब सोडणारी वेगळी सोय आहे. पूर्ण मिटणारी, छिद्र नसलेली झडप पिकअपला नको. लोहामंडीत मोठ्या ट्रकच्या उतरवलेल्या जुन्या झडपा स्वस्तात मिळतात. त्यांचा मोह आवरा. मोठ्या इंजिनाची झडप, तिचं छिद्र मोठ्या इंजिनाच्या धुराच्या मापाचं. वर जुना शाफ्ट बुशमध्ये झिजलेला असतो, आणि असा शाफ्ट तापला की अडकतो.

अजून एक अट, जी मी कधीच सोडत नाही. काहीही बिघडलं, वायर तुटली, पाइप फुटला, फ्यूज उडाला, तर झडप स्प्रिंगने आपोआप *उघडली* पाहिजे. दुकानदाराला हाताने करून दाखवायला सांगा.

झडप ओढणार कोण? मोठ्या ट्रकला हवेचे ब्रेक असतात, तिथे हवेचा सिलिंडर चालतो. पिकअपला कंप्रेसर नसतो, पण ब्रेकचं पॅडल हलकं करणाऱ्या बूस्टरसाठी व्हॅक्यूम पंप असतो. म्हणून पिकअपला व्हॅक्यूमवरची किंवा विजेच्या मोटरवरची झडप. विजेची बसवायला सोपी, पण उष्णतेत आणि आपल्याकडच्या पावसाच्या चिखलात तिची मोटर झाकून ठेवावी लागते. मी व्हॅक्यूमची पसंत करतो.

बसवायची जागा

यावर मिस्त्रीशी भांडण करायची वेळ आली तर करा. जागा चुकली की बाकी सगळं बरोबर असून उपयोग नाही.

झडप टर्बोच्या नंतर आणि सायलेन्सरच्या आधी. मध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर त्याच्याही आधी. झडपेच्या मागे, म्हणजे इंजिनाच्या बाजूला, जितके कमी सांधे तितकं चांगलं. आता अडचण येते त्या जाळीदार लवचिक पाइपाची. झडप त्याच्यानंतर बसवली तर तो जाळीचा तुकडा दाबाखाली येतो, आणि जुना असेल तर फाटतो. आधी बसवली तर झडपेचं सगळं वजन टर्बोच्या तोंडावर लटकतं. मी आधी बसवून खालून आधाराची पट्टी देतो. ती पट्टी इंजिनाला किंवा गिअरबॉक्सला बांधायची, चॅसीला कधीच नाही. इंजिन रबरांवर हलतं, चॅसी हलत नाही. दोघांच्या मध्ये पाइप अडकवला तर काही दिवसांत वेल्डिंग तडकतं.

शाफ्ट आडवा येईल अशी झडप फिरवा. उभा राहिला तर काजळी आणि पाणी खालच्या बुशमध्ये उतरतं. बाण असेल तर तो धुराच्या दिशेने. डिझेलचे पाइप, ब्रेकचे पाइप, वायरिंग, गिअरबॉक्सचे रबर यांच्यापासून चांगलं चार बोटांहून जास्त अंतर, आणि जिथे तेवढं जमत नाही तिथे पत्र्याचा आडोसा.

प्रत्यक्ष काम

गाडी सपाट जागी, चाकांना दगड किंवा लाकडी गुटके, इंजिन थंड. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, आणि वेल्डिंग करायचं असेल तर कंप्युटरचा आणि अल्टरनेटरचा जोडही काढा. वेल्डिंगची अर्थ क्लिप पाइपालाच लावा, चॅसीच्या दुसऱ्या टोकाला नको.

पाइप कापायच्या आधी झडप जागेवर धरून तिचा हात, म्हणजे ती फिरवणारा बाहेरचा दांडा, पूर्ण फिरतो का ते बघा. मग खूण करा, कापा. दोन्ही टोकांना फ्लँज ठेवून फक्त टाके मारा, झडप बोल्टने बसवून रेष जुळते का बघा, आणि मग *झडप काढून* पूर्ण वेल्डिंग करा. झडप आत ठेवून वेल्डिंग केलं तर ती उष्णतेने किंचित वाकते, आणि गरम झाली की अडकते. ही घाई मी गॅरेजांत सगळ्यात जास्त पाहिली आहे. नवी गॅस्केट घाला, बोल्ट आळीपाळीने समोरासमोरचे कसा, पहिल्या फेरीनंतर पुन्हा कसा. फ्लँजजवळ, इंजिनाच्या बाजूला, दाब मोजायला एक छोटा थ्रेडचा बोळा, म्हणजे आट्यांचं तोंड, वेल्ड करून घ्या. नंतर तिथे प्लग लावता येतो.

आता व्हॅक्यूमची नळी, आणि इथे जिवाशी गाठ आहे. बूस्टरच्या नळीला सरळ टी (तीन तोंडांचा जोड) मारून झडपेकडे नळी नेली, आणि ती नळी उद्या फाटली, तर बूस्टरचा व्हॅक्यूम जातो आणि मुख्य ब्रेकचं पॅडल दगडासारखं कडक होतं. म्हणजे मदतीला आणलेला भाऊच घर लुटून जातो. टी पंपाच्या बाजूला घ्या, बूस्टरच्या वन-वे व्हॉल्व्हच्या आधी. झडपेच्या फांदीला तिचा स्वतंत्र वन-वे व्हॉल्व्ह आणि छोटी टाकी द्या. त्यानंतर तीन तोंडांचा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडझाप करणारा व्हॉल्व्ह: वीज बंद झाली की त्याने झडपेकडची नळी मोकळ्या हवेत सोडली पाहिजे. इंजिन चालू करून झडपेकडची नळी मुद्दाम काढून टाका आणि ब्रेक पॅडल दाबून बघा. पहिल्यासारखंच हलकं लागलं तर नळीकाम पास.

वायरिंग एका ओळीत समजून घ्या. इग्निशननंतरची वीज, फ्यूज, डॅशबोर्डचा स्विच, क्लचचा स्विच, अॅक्सिलरेटरचा स्विच, मग सोलेनॉइड. सगळे एकापाठोपाठ एक, म्हणजे कोणताही एक तुटला की झडप उघडते. क्लच दाबल्यावर उघडलीच पाहिजे, कारण चाकांचा आधार सुटल्यावर तोंड दाबलेलं इंजिन बंद पडतं, आणि बंद इंजिनासोबत पॉवर स्टिअरिंग आणि व्हॅक्यूम पंपही जातो, तेही उतारावर. अॅक्सिलरेटर दाबल्यावरही उघडलीच पाहिजे, नाहीतर डिझेल जळत असताना धुराला वाट नाही, आणि टर्बो आणि व्हॉल्व्ह तापून जातात. इलेक्ट्रॉनिक पॅडल असेल तर त्याच्या सेन्सरच्या तारांना हात लावू नका, पॅडलच्या दांड्यापाशी वेगळा मायक्रोस्विच बसवा. डॅशबोर्डवर सोलेनॉइडसोबतच पेटणारा एक दिवाही हवा. काही जण हे दोन्ही स्विच ‘नंतर लावू’ म्हणून फक्त डॅशबोर्डचा खटका देतात. अशी गाडी त्या गॅरेजातून बाहेर काढू नका.

तपासणी

पहाटे सुपर कॉरिडॉरवर रिकामा रस्ता मिळतो. बोळ्याला धातूची लांब नळी जोडून दाबाचा गेज केबिनमध्ये आणा आणि शेजारी एक माणूस बसवा, त्याचं काम फक्त गेज वाचणं. तिसऱ्या गिअरमध्ये वेग घ्या, मागे कोणी नाही ते बघा, पाय काढा, ब्रेक लागू द्या. आरपीएम वाढवत जा आणि दाब कंपनीच्या आकड्याच्या आत राहतो का बघा. बाहेर गेला तर छिद्र मोठं करावं लागेल, त्याशिवाय घाटात न्यायची नाही. क्लच आणि अॅक्सिलरेटर प्रत्येकी पाच-सहा वेळा दाबून दिवा विझतो का पाहा. परत आल्यावर सांध्यांभोवती ताजी काजळी दिसते का ते बघा.

पुढची फेरी अर्ध्या लोडने, उजेडात, कोरड्या रस्त्यावर, भेरूघाटात. खाली चोरलजवळ थांबून चारही चाकांच्या ड्रमजवळ हात न लावता नुसता नेऊन बघा. पूर्वीची धग आणि आताची धग यांतला फरक तुम्हाला तिथेच कळेल. मला कळला तेव्हा मी बराच वेळ तसाच बसून होतो.

उतरताना

घाट सुरू होण्याआधी, वरच, गिअर उतरवा. जुने ड्रायव्हर सांगतात की ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर, आणि आजच्या ताकदवान इंजिनांना मी म्हणतो त्याच्याही एक खाली. मग ब्रेकचा खटका. वेग वाढायला लागला तर पॅडल ठामपणे दाबून वेग खाली आणा आणि सोडा, घासत ठेवू नका. आरपीएम लाल पट्टीच्या आत ठेवायची जबाबदारी तुमची, हा ब्रेक ती घेत नाही.

हा ब्रेक फक्त मागच्या चाकांवर लागतो. रिकामी पिकअप मागून हलकी असते, आणि पहिल्या पावसात रस्त्यावर तेल-चिखलाचा थर असतो. अशा वेळी वळणात मागचा भाग सुटू शकतो. रिकामी गाडी आणि ओला रस्ता असेल तर खटका बंद ठेवा, नुसत्या खालच्या गिअरने उतरा. गणेश घाटातले आणि सेंधव्याच्या पुढच्या बिजासन घाटातले अपघात आपण सगळे ऐकून आहोत. तिथे न्यूट्रलमध्ये गाडी सोडून डिझेल वाचवणारा अजूनही भेटतो. एक्झॉस्ट ब्रेक न्यूट्रलमध्ये शून्य आहे.

देखभाल

झडप वापरात नसली तर काजळीने चिकटते, म्हणून शहरातच फिरत असाल तरी आठवड्यात दोन-चार वेळा चालवा. दर ऑइल बदलाला शाफ्ट हाताने फिरवून बघा. साधं ग्रीस लावू नका, ते जळून डिंकासारखं होतं. उष्णता सहन करणारं कोरडं वंगण मिळतं, तेच घ्या. रबरी नळ्या दर पावसाळ्याआधी दाबून, वाकवून बघा, भेग दिसली की बदला.

गाडी अचानक ओढेनाशी झाली, काळा धूर टाकायला लागली, सुरू व्हायला कुरकुरली, तर इंजेक्टर उघडायच्या आधी झडप बघा, ती अर्धवट मिटून अडकलेली असते. रस्त्यात असं झालं तर इंजिन थंड होऊ द्या, झडपेच्या हाताची नळी काढा, हात उघड्या बाजूला ढकला आणि तारेने बांधून टाका. तारेचा तेवढा तुकडा आणि एक पक्कड माझ्या सीटखाली कायम असते.